लिलाव आणि लोणचं

कबड्डीचा लिलाव जवळ आला की आमच्या तळेगावात (ढमढेऱ्यांचं, स्टेशनवालं नव्हे!) एकच विषय. पुणेरी पलटणने मोठा चढाईपटू विकत घ्यावा की घरची पोरं खेळवावीत? चहाच्या टपरीवर दोन तट पडतात आणि घरी जेवताना आमचे मामा तिसरा तट उघडतात.

मामांचं म्हणणं सरळ आहे. चढाईला जाणारा एक वाघ हवा, बाकीचे सहा सांभाळून घेतात. पैसा फेका, वाघ आणा.

मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. संघाला खर्चाची मर्यादा होती ५ कोटींची. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६०.५ लाख लावले, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे एका माणसावर. पवन काही वाईट खेळला नाही, चढाईचे दोनशे गुण काढले त्याने. पण टायटन्स २२ पैकी दोनच सामने जिंकले आणि तळाला राहिले. वाघ होता हो, जंगल नव्हतं.

त्याच लिलावात पलटणनेही हात सैल सोडला होता. इराणचा शादलू, डावा कोपरा, २ कोटी ३५ लाख. आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा अजिंक्य ठरली.

इथे मामा टाळी मागतात. "बघ, पैसा फेकलाच ना?"

फेकला. पण तो परवडला कशामुळे? अस्लम इनामदार आणि मोहित गोयत २०२१ मध्ये कोवळी पोरं म्हणून संघात आली होती, पंकज मोहिते त्याच्याही आधी. संघाने त्यांना सोडलं नाही. चढाईचा सगळा भार घरात मुरलेल्या पोरांवर, म्हणून कोपऱ्यासाठी तिजोरी उघडता आली. त्या हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला अस्लम, आपल्या नगर जिल्ह्यातला, ज्याच्यावर त्या लिलावात बोलीच लागली नव्हती!

मामांचा पुढचा मुद्दा मात्र जड आहे. शादलू हरियाणाकडे गेला आणि २०२४ चं विजेतेपद हरियाणाने नेलं, तेही आपल्या बालेवाडीत. पलटण बाद फेरीतही नव्हती. खरंय. पण त्या वर्षी अस्लम दुखापतीने बाहेर बसला होता. आणि २०२५ मध्ये शादलूशिवायच पलटण अंतिम फेरीत गेली, दिल्लीकडून २८-३१ अशी तीन गुणांनी हरली.

या मुरवण्याची एक बाजू मलाही टोचते. संघ पोराला धरून ठेवतो तेव्हा त्याच्यावर खुली बोली लागत नाही. ज्याला बाजारात मोठा भाव आला असता, तो काही वर्षं त्याहून कमी पैशात खेळतो. कबड्डीपटूचा गुडघा किती वर्षं साथ देईल कुणी सांगावं? म्हणून जो संघ पोरं घडवतो, त्याने दुखापतीच्या वर्षीही त्यांच्या मागे उभं राहायला हवं, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

हे सगळं लिहायचं कारण असं, की आपल्या शिरूर-दौंडकडची पोरं हे लिलाव मोबाईलवर बघतात आणि आकडे पाठ करतात. त्यांना आकड्यांआधी हे सांगायला हवं, की बोली एका दिवसात लागते. अस्लम घडायला मात्र काही हंगाम जावे लागले, आणि तेवढे दिवस कुणीतरी थांबायला तयार होतं.

लोणचं बाजारातही मिळतं म्हणा. पण चव... असो.

मामा हे वाचणार आहेतच. तुमचा तट कुठला, तेवढं कळवा.