ग्राहक राजा कीं रयत?

ग्राहक हा राजा आहे, असें एक वचन व्यापारी मंडळींच्या तोंडीं वरचेवर ऐकूं येतें. त्याचा अर्थ असा लावण्यांत येतो कीं, बाजारांत जें जें म्हणून विकावयास येतें तें या राजाच्या इच्छेनेंच येतें. सबब खरेदीच्या वाढत्या नादाचा दोष मनुष्याच्या उपजत हांवेस द्यावा, विकणारास देऊं नये. आमच्या सुशिक्षित घरांतील वडील मंडळीही यास मान डोलवितात, आणि मग सुनेच्या कपाटाकडे किंवा नातवाच्या फोनाकडे बोट दाखवून 'हें सारें पाश्चात्यांचें अनुकरण' असा निकाल देऊन मोकळी होतात. आम्हांस हे दोन्ही निकाल अमान्य आहेत.

हांव जुनीच आहे. तिच्यासाठीं कोणास विलायतेस जावें लागलें नाहीं. परंतु त्या हांवेस रोज नवें खाद्य पुरविणारें जें यंत्र आज चालू आहे, त्याचे भाग कोठें व केव्हां जुळले हें बरेंचसें सांगतां येतें. आरिस्तीद बूसिको हा १८५२ सालीं पॅरिस येथील 'बाँ मार्शे' या दुकानांत भागीदार झाला. मालावर ठराविक किंमत, कांहीं न घेतां नुसतें पाहत फिरण्याची मुभा, न आवडल्यास माल परत घेण्याची तयारी, या गोष्टी त्यानें मोठ्या प्रमाणावर रूढ केल्या. त्या गिऱ्हाइकाच्या सोयीच्या होत्या यांत शंका नाहीं. पण कांहीं नड नसतां दुकानांत जाण्याची संवयही तेथेंच बळावली. पुढें पैसा नसतां माल नेण्याची सोय झाली. अमेरिकेंतील सिंगर कंपनीनें १८५६ च्या सुमारास शिवणयंत्रें हप्त्यांनीं देण्यास आरंभ केला. शिवणयंत्राविषयीं आमची तक्रार नाहीं; त्यावर पोट भरतां येतें. १९१९ सालीं जनरल मोटर्सनें मोटारींच्या हप्त्यांसाठीं स्वतंत्र पेढीच काढली, तेव्हां मात्र कर्जाची जात बदलली.

पण ग्राहकाच्या राजेपणाची खरी परीक्षा विजेच्या दिव्यानें झाली. १९२४ सालच्या डिसेंबरांत ओस्राम, फिलिप्स वगैरे बड्या कारखानदारांनीं जिनिव्हा येथें 'फीबस' नांवाचा संघ स्थापन केला. तोंवर दिवा दीड ते दोन हजार तास जळत असे. संघानें त्याचें आयुष्य १,००० तास ठरविलें. दिवे तपासण्याची व्यवस्था झाली, आणि ज्याचा दिवा नियमाहून अधिक टिकेल त्या कारखान्यास दंड! आयुष्य कमी केल्यानें उजेड वाढतो, हें संघाचें समर्थन अगदींच खोटें नव्हे. मग ज्यास उजेड अधिक हवा त्यानें एक दिवा घ्यावा, टिकाऊ हवा त्यानें दुसरा घ्यावा, एवढी निवड तरी राजाच्या हातीं कां ठेविली नाहीं? दंड कशाबद्दल? दुसऱ्या महायुद्धाच्या धांदलींत हा संघ मोडला, परंतु त्याची विद्या मोडली नाहीं. ॲपल कंपनीनें २०१७ च्या डिसेंबरांत कबूल केलें कीं, बॅटरी जीर्ण झालेल्या फोनांचा वेग ती स्वतःच कमी करीत होती. फोन एकाएकीं बंद पडूं नये म्हणून, असें कारण तिनें दिलें. असेल, पण ही गोष्ट फोनाच्या धन्यास आधीं स्पष्टपणें सांगितली नव्हती.

आतां आपल्या घराकडे वळूं. पूर्वीं तांब्यापितळेचें भांडें घेतलें कीं त्यावर नांव घालीत, कल्हईवाला वर्षानुवर्षें त्यास नवें करी, आणि शेवटीं मोडींत घातलें तरी धातूची किंमत हातीं येई. लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई. हें लिहितांना जुन्या काळीं लोक संतुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. दोन लुगड्यांवर वर्ष काढणाऱ्या विधवेस कोणी संतोषाचा वसा दिला नव्हता. तें दारिद्र्य होतें, आणि कित्येकदां जुलूमही. धुण्याच्या यंत्रानें घरांतील बायकांचे हात सोडविले, तें आम्हांस पितळी घंगाळाहून प्रिय आहे. तक्रार एवढीच कीं, तें बिघडलें असतां त्याचा सुटा भाग मिळत नाहीं, आणि नवें मात्र 'बिनव्याजी' हप्त्यांवर दारीं येऊन उभें राहतें.

हें 'बिनव्याजी' प्रकरण मोठें गमतीचें आहे. रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालींच बँकांस बजावलें कीं शून्य टक्के व्याज अशी कांहीं वस्तूच नाहीं. व्याज बहुधा प्रक्रियाशुल्काच्या पोटांत दडलेलें असतें. रोखीनें मिळणारी सूट गेली, ती वेगळीच. तरीही दसरा-दिवाळीस याच मंत्राचा घोष चालतो. इकडे भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ सालीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती, ती २०२२-२३ सालीं ५ टक्क्यांच्या आसपास आली. पहिलें वर्ष साथीचें, तेव्हां खर्चास वावच नव्हता. शिवाय कर्जांत घरांसाठीं काढलेलें कर्जही आहे. तेवढें वजा घालूनही उरतें तें मुलांच्या शिक्षणाचें व म्हातारपणाचें पाथेय आहे.

यावर सुनेस उपदेश करून कांहीं व्हावयाचें नाहीं. जेथें यंत्र आहे तेथें त्यास लगाम कायद्याचाच हवा. फ्रान्सनें २०१५ सालीं वस्तूचें आयुष्य जाणूनबुजून तोडणें हा गुन्हा ठरविला, आणि २०२१ पासून फोन व धुण्याचीं यंत्रें विकतांना तीं दुरुस्तीस किती सोपीं आहेत याचे गुण दर्शविणें सक्तीचें केलें. आपल्या सरकारनें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. तेथें माहिती देणें कंपन्यांच्या मर्जीवर सोपविलें. ही मर्जी काढून तेथें सक्ती यावी, व सुटे भाग किती वर्षें मिळतील हें किंमतीच्या शेजारीं ठळक छापलें जावें, एवढीच आमची मागणी आहे. ग्राहक राजा आहे असें म्हणणारांनीं तिला विरोध कोणत्या तोंडानें करावा, हें त्यांनींच सांगावें.