रात्रीचं अपग्रेड आणि सोमवारची हजेरी

‘शनिवारी रात्री ११ ते रविवारी सकाळी ६ सेवा बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ असा मेसेज आपल्या सगळ्यांच्या फोनवर कधी ना कधी आलेला असतो. आपण तो वाचतो आणि डिलीट करतो. त्यातली गैरसोय ग्राहकाची असते. त्या रात्री जागणाऱ्या माणसांचा मात्र त्यात उल्लेखही नसतो. माझा मामेभाऊ त्यांच्यातलाच एक, नागपूरच्या एका कंपनीत तो सर्व्हर सांभाळतो.

हे काम रात्रीच का करतात? आमच्या वारासिवनीत हातमाग आहेत, त्यावरून सांगते. ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडावा लागतो, आणि तेवढा वेळ माग बंद असतो. सर्व्हरचं स्टोरेज बदलतानाही तसंच. जुन्या डिस्कवरचा बराच डेटा आधीच, काम चालू असताना, नव्यावर कॉपी करून ठेवता येतो. पण लोक दिवसभर काही ना काही नवं लिहीतच असतात. मग शेवटचा फरक जुळवायला सगळ्यांना थोडा वेळ थांबवावंच लागतं. त्यानंतर तपासणी, आणि गडबड निघाली तर परत जुन्यावर यायची तयारी.

भर दिवसा स्टोरेज अडलं तर काय होतं ते मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजने २४ फेब्रुवारी २०२१ ला पाहिलं. टेलिकॉम लिंक बिघडल्या, त्याचा फटका स्टोरेज यंत्रणेला बसला आणि ११:४० ला सौदे थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३:४५ ला. एचडीएफसी बँकेने १३ जुलै २०२४ ला आपली कोअर बँकिंग यंत्रणा नव्या प्लॅटफॉर्मवर नेली, तेव्हा दिवस निवडला दुसरा शनिवार. पहाटे ३ ते दुपारी ४:३०, म्हणजे साडेतेरा तासांचं काम. यूपीआय कधी बंद असेल तेही आधी कळवलं होतं. ग्राहक म्हणून मला हे पटतं. सुट्टीच्या दिवशी करा, रात्री करा, आधी सांगा.

पण ‘कामाच्या वेळेबाहेर’ म्हणजे कोणाच्या? शनिवारी मामेभाऊ दिवसभर ऑफिसात, रात्री ११ पासून सर्व्हर रूममध्ये. रविवारी काही बिघडलं तर म्हणून फोन उशाशी. सोमवारी साडेनऊला नेहमीसारखी हजेरी. मिस्साला आला नाही की मामी त्याच्यावरच चिडते, ते वेगळंच. मागावर ताणा जोडायच्या दिवशी कापड विणलं जात नाही, तरी त्या दिवसाला कोणी सुट्टी म्हणत नाही. इथे मात्र ऑफिस बंद म्हणून काम झालंच नाही असं धरतात.

रविवारची सुट्टी आपल्याकडे आपोआप आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती लढून मिळवली, १० जून १८९० ला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही साप्ताहिक सुट्टी नाकारली तर दोन महिन्यांत बदली सुट्टी द्यायची तरतूद आहे. पण दोन महिन्यांनी मिळालेली झोप सोमवारी काय कामाची?

आणि ही नुसती दयामायेची गोष्ट नाही. वीस तास जागा असलेला माणूस पहाटे चारला चुकीची डिस्क पुसू शकतो. अपग्रेडच्या प्लॅनमध्ये बॅकअप कधी घ्यायचा, माघार कधी घ्यायची, सगळं मिनिटांच्या हिशोबात लिहितात. त्याच कागदावर शनिवारी दिवसा कोण घरी राहील, पहाटे कोणाच्या जागी कोण येईल आणि सोमवारी कोणाला बोलवायचं नाही, हेही लिहा ना! छोट्या कंपनीत दोनच माणसं असतात, बदली कुठून आणायची, असं मामेभाऊ स्वतःच म्हणतो. ठीक आहे. मग अपग्रेड शुक्रवारी रात्री ठेवा, म्हणजे मध्ये दोन दिवस मिळतात. आणि सोमवारी दुपारपर्यंत त्याला फोन करू नका.