कनू स्लॅलम : जागतिक स्पर्धा आणि महाराष्ट्रातील पाणी

कनू स्लॅलम हा खळाळत्या पाण्यात कनू किंवा कयाक या होड्यांतून खेळला जाणारा शर्यतीचा प्रकार आहे. पाण्यावर टांगलेल्या १८ ते २५ फाटकांतून स्पर्धकाला क्रमाने जावे लागते. हिरवी फाटके प्रवाहाबरोबर, तर लाल फाटके प्रवाहाविरुद्ध पार करायची असतात. काठीला स्पर्श झाल्यास वेळेत २ सेकंद आणि फाटक चुकल्यास ५० सेकंद वाढवले जातात.

या खेळाचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश १९७२ मध्ये झाला. म्युनिक ऑलिंपिकमधील ती शर्यत आउग्सबुर्ग येथील कृत्रिम मार्गावर झाली. त्यानंतर स्लॅलम थेट १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये परतला व तेव्हापासून तो कायम आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कयाक क्रॉस या प्रकाराची भर पडली. २०२८ च्या लॉस एंजेलस ऑलिंपिकमधील स्लॅलम मात्र सुमारे दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या ओक्लाहोमा सिटीत ठरला आहे, कारण पंपांवर चालणारा तयार मार्ग तेथे आहे. श्रीमंत यजमान शहरालाही नवा मार्ग बांधणे परवडण्याजोगे वाटले नाही, यावरून या खेळाची खरी अडचण लक्षात येते.

पाण्याचा प्रश्न

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी बांधलेल्या ली व्हॅली येथील ३०० मीटर लांबीच्या मार्गावर पाणी ५.५ मीटर खाली उतरते आणि प्रवाह सेकंदाला १३ घनमीटर, म्हणजे १३,००० लिटर असतो. मराठवाड्याच्या भाषेत सांगायचे तर दर सेकंदाला एक मोठा टँकर. हे पाणी पंपांनी पुन्हा वर चढवले जाते, त्यामुळे ते खर्ची पडत नाही. खर्ची पडते ती वीज.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात हा हिशेब निर्णायक ठरतो. कयाधू ही पैनगंगेची उपनदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या धरणांचे पाणी प्रामुख्याने सिंचन व पिण्यासाठी राखलेले आहे. पुराच्या वेळी दरवाजे उघडल्यावर वेग मिळतो, परंतु तो गढूळ आणि बेभरवशाचा असतो. त्यात सराव करणे धोक्याचे आहे. खेळासाठी वेगळे आवर्तन मागणे या भागात कोणालाही पटणार नाही, आणि पटूही नये.

राज्यात बारमाही खळाळासाठी रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका नदी प्रसिद्ध आहे. तिचा प्रवाह नैसर्गिक म्हणावा असा नाही. मुळशी धरणाचे पाणी भिरा जलविद्युत केंद्रातून वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत सोडले जाते आणि त्यावर राफ्टिंगचा व्यवसाय चालतो. हे धरण म्हणजे सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रहाचा विषय. भीमेच्या खोऱ्यातील हे पाणी पश्चिमेऐवजी पूर्वेकडे वळवावे अशी मागणी होत असते. ती मान्य झाल्यास कुंडलिकेचा खळाळ आपोआप ओसरेल.

भारतातील स्थिती

मध्य प्रदेशाने या बाबतीत आघाडी घेतली आहे. अहिल्याबाई होळकरांची राजधानी राहिलेल्या महेश्वरजवळ नर्मदा काळ्या पाषाणातून अनेक धारांनी वाहते. तेथील सहस्रधारा येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेतील स्लॅलम झाला. या स्पर्धेत हा प्रकार प्रथमच घेण्यात आला होता. आशियाई क्रीडास्पर्धांत स्लॅलम २०१० पासून आहे. ऑलिंपिकच्या स्लॅलममध्ये मात्र २०२४ पर्यंत एकही भारतीय उतरला नव्हता.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याला खळाळाअभावी हा खेळ पूर्णपणे बंद आहे असे नाही. १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झालेली पहिली स्लॅलम शर्यत तलावाच्या संथ पाण्यावरच झाली होती. आजही नवखे खेळाडू वल्ह्याचे फटके, वळणे आणि उलटलेली होडी सरळ करणे हे स्थिर पाण्यावर शिकतात. सिद्धेश्वरच्या जलाशयावर दोरीला टांगलेली फाटके, मोजक्या होड्या, जीवरक्षक जाकिटे आणि प्रशिक्षित मार्गदर्शक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. यातील मार्गदर्शक मिळणे सर्वांत कठीण आहे. जलाशयावर परवानगी देणाऱ्या जलसंपदा विभागाकडे सुरक्षेची हमी कोणी द्यायची, हा प्रश्नही त्याच्याशीच जोडलेला आहे.