मेन कॉक कुठे आहे, सांगा बरं?

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, 'पाणी वाचवा' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. पण घरातला पाइप फुटला तर आधी काय करायचं, हे किती मुलांना येतं? खरं सांगू? मलाही येत नव्हतं. आमच्या गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला, तेव्हा मी फडकं गुंडाळत बसले. मेन कॉक सापडेपर्यंत टाकी रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचंच गणित घातलं. १५ लिटरची बादली १ मिनिटात भरत असेल, तर तासाला ९०० लिटर पाणी गेलं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. म्हणजे १६ माणसांचं एका दिवसाचं पाणी! मुलं गप्पच झाली.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. मग घरानं आपला हिशोब ठेवायला नको का?

म्हणून माझं मत असं, की निबंधाआधी हे शिकवा. आधी मेन कॉक बंद करायचा. मोटार चालू असेल तर मोठ्यांना हाक मारायची. ओल्या बोर्डाला हात लावायचा नाही. खालचा नळ सोडायचा, म्हणजे पाइपातलं उरलेलं पाणी उतरतं. चिरेवर सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळायची. मग प्लंबरला फोन.

आजच मुलांना घरचा कॉक दाखवा, त्यांच्या हातानं बंद करून बघा. गंजलेला कॉक ऐन वेळी फिरत नाही हो!