फरच्या धंद्याचा जमाखर्च

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीपलीकडे, टिएरा डेल फ्युएगो हा द्वीपसमूह आहे. त्यातील मोठे बेट अर्जेंटिना व चिली यांच्यात वाटलेले आहे. १९४६ साली अर्जेंटिना सरकारने फरचा धंदा वाढावा म्हणून कॅनडातून बीव्हर आणून येथे सोडले. धंदा उभा राहिला नाही, बीव्हर मात्र वाढले. त्यांना खाणारी अस्वले-लांडगे येथे नाहीत. बीव्हर झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालतो. कॅनडातील वाळुंजासारखी झाडे कापली तरी पुन्हा फुटतात. येथील लेंगाची झाडे पाणी तुंबले की उभीच्या उभी वाळतात. १९६० साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यानही यातून सुटले नाही.

मुक्या प्राण्यांचा काय अपराध, असे कोणी विचारील. अपराध नाही, हे मलाही मान्य आहे. पण जंगलाचा तरी कोणता होता? बीव्हर हटविण्यासाठी २००८ साली दोन्ही देशांनी करार केला, तो मला योग्य वाटतो. बीव्हरला सरहद्द कळत नाही. एकट्याने उपाय केल्यास तो शेजारून परत येणार.

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना यंत्राचा घसारा काढायला शिकवतात. जंगलाचा कोण काढणार? माझे मत असे की, धंद्यासाठी परका प्राणी आणणाऱ्याकडून तो हटविण्याचा खर्च आधीच अनामत म्हणून घ्यावा. मग नफ्याचे आकडे जरा जपून मांडले जातील.