बिघाड असूनही विमान उडतं? ‘एमईएल’ म्हणजे काय, समजून घ्या

“तांत्रिक कारणामुळे उड्डाणाला उशीर होत आहे.” विमानतळावर ही घोषणा झाली की थोड्याच वेळात कुणाचा तरी व्हिडिओ व्हायरल होतो. कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, “एवढ्याशा बिघाडासाठी दोन तास बसवलं.” दुसरा म्हणतो, “बिघडलेलं विमान उडवतात, जिवाशी खेळ आहे.”

धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्यात विमानतळ नाही. पण पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या या गावाहून सोलापूर, कलबुर्गी आणि हैदराबाद या तिन्ही बाजूंना विमानतळ आहेत. सोलापूरहून जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली. त्यामुळे पहिल्यांदा विमानात बसणारे आता इथेही घरोघरी आहेत. म्हणूनच उड्डाणाआधी छोटा बिघाड सापडला तर नेमकं काय होतं, हे माहीत असलेलं बरं.

बिघाड कोण शोधतं?

प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती फेरी मारून टायर, इंजिन, पंख, सेन्सर पाहतो. कॉकपिटमधल्या यंत्रणाही तपासल्या जातात. काही खटकलं तर ते ‘टेक लॉग’ या नोंदवहीत लिहावं लागतं. एसटीचा चालक आगारात गाडी लावताना “ब्रेक जरा कमी लागतोय” असं सांगतो, तसंच काहीसं. फरक इतकाच, की विमानात तोंडी सांगून भागत नाही. नोंद झाली की परवानाधारक देखभाल अभियंता तपासणी करून सही करेपर्यंत विमान हलत नाही.

अभियंत्यासमोर तीन वाटा असतात. बिघाड तिथेच दुरुस्त करायचा, नियमात बसत असेल तर दुरुस्ती पुढे ढकलायची, किंवा विमान जमिनीवरच ठेवायचं.

दुरुस्ती पुढे ढकलणं कायदेशीर आहे?

हो. त्यासाठी ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’ म्हणजेच एमईएल नावाची यादी असते. कोणती गोष्ट बंद असली तरी उडता येतं, कोणत्या अटीवर आणि किती दिवस, हे त्यात लिहिलेलं असतं. विमानाच्या त्या मॉडेलसाठी एक मूळ यादी मंजूर झालेली असते. तिच्या आधारे कंपनी स्वतःची यादी बनवते. ती मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल नाही. भारतात या यादीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए मंजुरी देतं.

दुरुस्तीची मुदतही ठरलेली असते. बिघाड सापडल्याचा दिवस सोडून ‘बी’ गटासाठी ३ दिवस, ‘सी’ गटासाठी १० दिवस आणि ‘डी’ गटासाठी १२० दिवस. ‘ए’ गटाची मुदत त्या त्या वस्तूपुढे दिलेली असते. बंद असलेल्या यंत्रणेवर तशी चिठ्ठी चिकटवली जाते.

एक उदाहरण पाहू. विमानाच्या शेपटीत एपीयू नावाचं छोटं इंजिन असतं. जमिनीवर असताना वीज आणि एसीची हवा त्यातून मिळते. ते बंद असलं तरी ठरलेल्या अटींवर विमान उडू शकतं, कारण मुख्य इंजिन बाहेरच्या यंत्राने सुरू करता येतं. पण तोवर केबिनमध्ये उकडतं. “विमानात एसी बंद” अशा काही व्हिडिओंमागे हेही कारण असू शकतं.

हवामान रडारचं गणित वेगळं. ते बंद असेल आणि वाटेत वादळी ढगांचा अंदाज असेल, तर तोच ‘छोटा’ बिघाड विमान थांबवतो. आणि यादी परवानगी देत असली तरी वैमानिकाला धोका वाटला तर तो नकार देऊ शकतो.

मग धोका कुठे आहे?

यादीत नाही, तिच्या वापरात. २०२२ मधलं स्पाइसजेटचं प्रकरण पाहा. लागोपाठच्या घटनांनंतर डीजीसीएने ५ जुलै २०२२ रोजी कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली. पुरवठादारांना नियमित पैसे मिळत नसल्याने सुट्या भागांची टंचाई होते आणि एमईएलचा आधार वारंवार घेतला जातो, असं त्यात म्हटलं होतं. २७ जुलैला कंपनीची उड्डाणं आठ आठवड्यांसाठी मंजूर संख्येच्या निम्म्यावर आणली गेली. त्याच महिन्यात डीजीसीएने सर्वच कंपन्यांना बजावलं, की योग्य परवाना असलेल्या अभियंत्यानेच विमान उड्डाणासाठी सोडावं. अचानक केलेल्या तपासण्यांमध्ये बिघाडाचं मूळ नीट न शोधणं आणि एमईएलवर विमान सोडण्याचं वाढतं प्रमाण दिसलं होतं.

दुसरा धोका अर्धवट नोंदीचा. इंडोनेशियात २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचं विमान कोसळून १८९ जणांचा मृत्यू झाला. मुख्य दोष विमानाच्या रचनेतला होता. पण आदल्या उड्डाणात आलेल्या अडचणी नोंदवहीत पूर्ण लिहिल्या गेल्या नव्हत्या, हेही तपासात पुढे आलं.

म्हणजे मुदत सुट्या भागांअभावी संपत आली किंवा नोंद अपुरी राहिली, की सोय म्हणून असलेली यादी पळवाट होते.

प्रवाशाने काय करावं?

उशिराचं कारण आणि अंदाजे वेळ विचारा. डीजीसीएच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं मोफत मिळायला हवं. उशीर सहा तासांवर जाणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

राग मात्र काउंटरवरच्या कर्मचाऱ्यावर काढू नका. बिघाडाचा निर्णय त्याच्या हातात नसतो. मार्च २०१७ मध्ये तत्कालीन खासदार, मूळ उमरग्याचे रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला मारहाण केली. तो वाद बिझनेस क्लासच्या सीटवरून होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘नो फ्लाय’ यादीचे नियम आले. शिवीगाळीला तीन महिने, मारहाणीला सहा महिने आणि जिवावर बेतणाऱ्या वर्तनाला किमान दोन वर्षं विमानबंदी होऊ शकते.

दोन तास उशिरा निघालेल्या विमानात काही वेळा कुणीतरी सही करायला नकार दिलेला असतो. तो नकार प्रवाशाच्या बाजूनेच असतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ज्या बिघाडांवर सही करून विमान सोडलं जातं, ते ठरलेल्या मुदतीत दुरुस्त होतात का?