कसरतीला चालते, नोकरीला नाही

पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने सरावाची 'जेनी' विमानं स्वस्तात विकायला काढली. ती घेऊन वैमानिक गावोगाव हिंडू लागले. शेतात उतरायचं, पैसे घेऊन लोकांना आकाशात फिरवून आणायचं, कोलांट्या मारायच्या, उडत्या विमानाच्या पंखांवर चालून दाखवायचं. या फिरत्या खेळांना 'बार्नस्टॉर्मिंग' म्हणत. ना परवान्याची सक्ती, ना तपासणी. या मोकळ्या धंद्यात बायकांनाही शिरकाव मिळाला. पंखावर बाई उभी राहणार म्हटल्यावर गर्दी जमे, हेही खरं.

बेसी कोलमन त्यांतलीच. टेक्सासच्या गरीब कृष्णवर्णीय घरातली ही मुलगी शिकागोत गिऱ्हाइकांच्या नखांची निगा राखून पोट भरी. अमेरिकेत एकाही विमानशाळेने तिला घेतलं नाही. मग ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ साली परवाना मिळवूनच परतली. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना मज्जाव असेल तिथे ती खेळ करत नसे. आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढायचं तिचं स्वप्न होतं. ३० एप्रिल १९२६ ला जॅक्सनविल इथे सरावाच्या वेळी तिचं जुनं विमान उलटलं. पट्टा न बांधलेली बेसी बाहेर फेकली गेली. विमानाच्या यंत्रात पाना अडकला होता.

त्याच मे महिन्यात अमेरिकेत हवाई वाहतुकीचा कायदा झाला. वैमानिकाला परवाना आणि विमानाची तपासणी सक्तीची झाली. जुनी विमानं बाद झाली, हे खेळ ओसरले. नियम हवेच होते. बेसीचं मरणच त्याची साक्ष आहे.

माझा प्रश्न पुढचा आहे. विमान चालवणं सुरक्षित, पगारी आणि प्रतिष्ठेचं झालं, तेव्हा बायका कुठे गेल्या? कायद्यात 'बाई नको' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तरी १९३४ साली सेंट्रल एअरलाइन्सने हेलन रिची हिला वैमानिक म्हणून घेतलं, तेव्हा वैमानिकांच्या संघटनेने तिला सभासदत्व नाकारलं. उड्डाणंही मोजकीच मिळत. १९३५ मध्ये तिने राजीनामा दिला. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपनीत कायम नोकरी मिळवायला एमिली हॉवेल वॉर्नर हिला १९७३ साल उजाडावं लागलं.

पंखावर उभी राहताना बाईच्या नाजूकपणाची कुणाला काळजी नव्हती. ती आठवली पगाराच्या वेळी. म्हणून मैत्रिणींनो, एखाद्या कामाला नियम आणि मान मिळू लागला की आनंद जरूर मानूया. पण ते ठरवणाऱ्यांत आणि संघटनेच्या सभासदांत आपण आहोत का, हे त्याच दिवशी विचारूया.